मोटारीच्या पोटातले पाणी

पावसाळ्यात एखाद्या जुन्या मोटारीचे दार उघडताना आतून खळखळ असा आवाज येतो, तो तुम्ही कधी ऐकला आहे काय? अर्धी भरलेली कळशी हिंदकळावी तसे दाराच्या आत काहीतरी हिंदकळते. खिडकीची काच तर घट्ट लावलेली असते. मग पत्र्याच्या या बंद पेटीत पाणी शिरले कोठून? आणि शिरले तर ते बाहेर का पडले नाही?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडे चमत्कारिक वाटेल. पाणी शिरले, कारण मोटार बनवणाऱ्याने त्याला शिरू दिले. खिडकीची काच खाली-वर सरकणारी असते. तिला दोन्ही बाजूंनी रबराच्या पट्ट्या चिकटून असतात. पण त्या पट्ट्या काच पुसण्यापुरत्याच. काच सरकायची असेल तर तिला पूर्ण घट्ट बांधून कसे चालेल? म्हणून काचेवरून ओघळणारे थोडे पाणी पट्टीच्या फटीतून दारात उतरणारच, हे गृहीत धरलेले असते. त्यावर उपाय म्हणून दाराच्या तळाला, अगदी खालच्या कडेला, दोन-तीन भोके किंवा लांबट चिरा ठेवतात. वरून आलेले पाणी खालून निघून जाते. दाराच्या आतल्या बाजूला, आपण कोपर टेकतो त्या पॅडच्या मागे, मेणकागद किंवा प्लॅस्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. तो पाणी आपल्या अंगाकडे येऊ देत नाही.

म्हणजे मोटार ही बाटलीसारखी बंद वस्तू नव्हे. ती घरासारखी आहे. नगर जिल्ह्यात जुन्या गावांतून मातीच्या माळवदाची घरे अजून काही ठिकाणी दिसतात. माळवदावर पाऊस पडणारच; तो पन्हळीतून बाहेर गेला पाहिजे एवढीच अट. म्हणून जाणती माणसे मृग लागण्यापूर्वी माळवदावर चढून पन्हळी मोकळ्या करतात. पन्हळ तुंबली तर पाणी माळवदावर थांबते, मातीत मुरते आणि शेवटी घरात टिपकते. मोटारीलाही अशा पन्हळी असतात, फक्त त्या सहजासहजी दिसत नाहीत.

त्यांतली सर्वांत महत्त्वाची पन्हळ दर्शनी काचेच्या पायथ्याशी असते. बॉनेट जेथे संपते आणि काच जेथे सुरू होते, तेथे वायपरच्या खाली एक जाळी तुम्हाला दिसेल. पद्मिनी, मारुती ८०० किंवा त्यानंतरची कोणतीही मोटार पाहा. जाळीच्या आत पत्र्याची एक आडवी कुंडी असते. काचेवर पडलेला सारा पाऊस ओघळून या कुंडीत जमा होतो आणि तिच्या दोन्ही टोकांना असलेल्या भोकांतून किंवा रबरी नळ्यांतून पुढच्या चाकांमागे जमिनीवर पडतो.

पण पाणी जेथे जमते तेथेच जाळी कशाला, असे तुम्ही विचाराल. याला कारण हवा. मोटार वेगाने धावते तेव्हा समोरची हवा बॉनेटवरून सरकत येऊन दर्शनी काचेवर आदळते. तेथे तिचा वेग कमी होतो आणि दाब वाढतो. मोटारीत ताजी हवा घ्यायची तर जास्त दाबाची ही जागा सोयीची. म्हणून हवा आणि पाणी यांचे प्रवेशद्वार एकच! आत गेल्यावर मात्र दोघांची फारकत करावी लागते. त्यासाठी कुंडीच्या तळातून एक उभा काठ किंवा नळकांडे वर आणलेले असते. हवा हलकी, ती वळून काठावरून आत जाते. पाणी जड, ते खाली पडते आणि भोकाकडे जाते. किती साधी युक्ती, आणि किती वर्षे टिकलेली! परंतु भोके बंद झाली की पाण्याची पातळी वाढत काठापर्यंत पोचते, काठ ओलांडते आणि पंख्याच्या वाटेने थेट पुढे बसलेल्या माणसाच्या पायांवर येते.

पातळी किती लवकर वाढते, याचा हिशेब करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर बरोबर एक लिटर पाणी होते. दर्शनी काच सुमारे १.२ मीटर रुंद असते, आणि तिरपी असल्यामुळे आकाशाला तिची अर्धा मीटर लांबीच सामोरी येते असे धरा. म्हणजे ०.६ चौरस मीटर. ताशी ५० मिलिमीटर असा जोराचा पाऊस असेल तर तासाला ३० लिटर, म्हणजे मिनिटाला अर्धा लिटर पाणी कुंडीत येईल.

आता जाण्याची बाजू. कुंडीत ५ सेंटिमीटर पाणी उभे आहे आणि ८ मिलिमीटर व्यासाचे एकच भोक उघडे आहे असे समजा. एवढ्या उंचीच्या पाण्याचा वेग भोकातून बाहेर पडताना सेकंदाला साधारण एक मीटर असतो. धार भोकापेक्षा बारीक होते, ते ध्यानात घेऊन हिशेब केला तर मिनिटाला पावणेदोन लिटर पाणी निघून जाते. येते त्याच्या साडेतीन पट! बिनघोर राहावे अशी स्थिती.

पण त्या भोकाच्या कडेने चिखल बसून व्यास निम्मा, ४ मिलिमीटर झाला तर? व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ निम्मे नव्हे, चौथा हिस्सा होते. मिनिटाला पाऊण-अर्धा नव्हे, जेमतेम ०.४५ लिटर पाणी जाईल. येणारे पाणी अर्धा लिटर. कुंडी भरू लागली! भोक अजून उघडेच दिसते आहे, त्यातून धारही पडते आहे, आणि तरी मोटारीत पाणी शिरते आहे. पुष्कळ जण येथेच फसतात. ‘पाणी तर जाते आहे ना’ असे म्हणून भोकाकडे पाहत नाहीत आणि काचेच्या रबराला दोष देतात. मग रबराभोवती सिलिकॉन थापले जाते. चुकून कोणी दाराची भोके बुजवली तर मात्र रोगापेक्षा औषध भारी.

भोक अगदी लहान झाले तर आणखी एक शक्ती आड येते. हे घरी करून पाहण्यासारखे आहे. प्लॅस्टिकच्या डब्याचे सपाट झाकण घ्या. त्याला एक भोक २ मिलिमीटरचे व दुसरे ५ मिलिमीटरचे पाडा. झाकण उताणे धरून त्यात सावकाश पाणी घाला. थोडे पाणी साचले तरी भोकातून काहीच पडत नाही. खाली थेंब फुगून लोंबत राहतो. पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पातळ पडद्यासारखा वागतो. त्याला आपण पृष्ठताण म्हणतो. हा पडदा ५ मिलिमीटरच्या भोकावर सुमारे ६ मिलिमीटर उंचीचे पाणी तोलून धरू शकतो आणि २ मिलिमीटरच्या भोकावर सुमारे १५ मिलिमीटर! आता लोंबणाऱ्या थेंबाला ओल्या बोटाने हळूच स्पर्श करा. पाणी बोटावरून वाहू लागेल. पडद्याला वाट मिळाली.

६ मिलिमीटर म्हणजे फार नव्हे, असे वाटते. पण दाराचा तळ आतून ८० सेंटिमीटर लांब, ८ सेंटिमीटर रुंद आणि अगदी सपाट असता तर ६ मिलिमीटर उंचीला ते जवळजवळ ४०० मिलिलिटर पाणी होईल. दोन पेले पाणी, रोज, सारा पावसाळा. म्हणूनच कारखानदार तळाला उतार देतात आणि गोल भोकाऐवजी लांबट चीर ठेवतात, तिची कड खाली वळवतात, म्हणजे पाण्याला ओघळायला ओठ मिळतो.

भोकेच मोठी का ठेवत नाहीत? ठेवली तर चाकांनी उडवलेला चिखल, धूळ आणि रस्त्याचा आवाज त्याच वाटेने आत येईल. काही मोटारींत नळीच्या टोकाला रबराची चपटी चोच बसवतात. पाण्याच्या वजनाने ती उघडते, एरवी मिटलेली असते. कल्पना छान आहे. पण पंधरा-वीस वर्षांनी रबर कडक होते, ओठ एकमेकांना चिकटतात आणि चोच कायमची मिटते.

आता नगर जिल्ह्याकडे वळू. या जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा आणि पावसाच्या बाबतीत एकाच जिल्ह्यात दोन जगे. पश्चिमेला अकोले तालुक्यात सह्याद्रीचा माथा आहे. कळसूबाईचे १६४६ मीटर उंचीचे शिखर तेथलेच. भंडारदऱ्यापलीकडे घाटघर, रतनवाडीकडे वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेला उतरत नगर शहर, पाथर्डी, कर्जत, जामखेड असे आलात की तुम्ही पर्जन्यछायेत येता. ढग डोंगरावरच रिते होतात, आणि नगर शहराच्या वाट्याला वर्षभरात सहाशे मिलिमीटरच्या आतबाहेरच पाऊस येतो.

मग मोटारीत पाणी तुंबण्याचा त्रास घाटघरच्या बाजूला जास्त असेल, असे कोणालाही वाटेल. भोके तुंबतात मात्र कोरड्या बाजूला! सततच्या पावसात भोके धुतली जातात. कोरड्या मुलखात सात-आठ महिने धूळ, पाने, काड्या कुंडीत नुसत्या साठत राहतात. त्यांना वाहून नेणारे पाणीच नसते. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंबाची पानगळ होते. गुलमोहराची पर्णिका तर इतकी बारीक की जाळीतून सहज आत जाते. साखर कारखान्यांच्या आसपास, लोणी-प्रवरानगरपासून कोपरगावपर्यंत, गळीत हंगामात उसाचे पाचट आणि बॉयलरची काजळी उडते. आणि या सगळ्याला सांधणारी काळी माती! प्रवरा-गोदावरीच्या खोऱ्यातील काळ्या मातीतले चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात. उन्हाळ्यात भेगाळणारे शेत पावसाने मिटते, ते याच गुणामुळे. भोकात अडकलेला काळ्या मातीचा गोळा उन्हाळ्यात आक्रसून सैल होतो आणि पहिल्या पावसात फुगून बुचासारखा घट्ट बसतो. पाणी जायला हवे नेमके त्याच वेळी!

आणखी एक पाहुणी सांगायची राहिली. मातीचे गोळे आणून भिंतीच्या कोपऱ्यात घर बांधणारी कुंभारीण माशी तुम्ही पाहिली असेल. तिला आयती नळी मिळाली तर फारच आवडते. बरेच दिवस एका जागी उभ्या असलेल्या मोटारीच्या नळीत तिचे घर निघाले तर नवल नाही.

जुलैत अशी मोटार घेऊन नगरहून एखादे कुटुंब भंडारदऱ्याचे धबधबे पाहायला जाते. वर्षभराची धूळ पोटात आणि वरून घाटावरचा पाऊस. मोटारीत पाणी शिरल्याचे त्या सहलीतच कळते.

पाय ओले होण्याने फारसे बिघडत नाही. खरा धोका पत्र्याला आहे. लोखंडाला गंजण्यासाठी पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. मग चिखलाखाली, जेथे हवा पोचत नाही, तेथे पत्रा सुरक्षित राहायला हवा. उलट तेथेच तो आधी खाल्ला जातो! केंब्रिजच्या यू. आर. इव्हान्स या शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात हे कोडे मिठाच्या पाण्याच्या एका थेंबाने उलगडून दाखवले. थेंबाच्या कडेला पाण्याचा थर पातळ असतो, तेथे हवेतला प्राणवायू भरपूर मिळतो. मध्यभागी तो कमी पडतो. प्राणवायूतील या फरकामुळे थेंबाखालचे लोखंड एका चिमुकल्या विद्युतघटासारखे वागते. मध्यभाग धनाग्र बनतो, तेथे लोखंड इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात विरघळते. ते इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच कडेला जातात आणि तेथे प्राणवायू त्यांना उचलतो. म्हणजे प्राणवायू लागतो कडेला, आणि लोखंड झिजते मध्यभागी.

शाळेच्या प्रयोगशाळेत हे पाहता येईल. लोखंडी पत्र्याचा तुकडा पॉलिश कागदाने चकचकीत घासा. मिठाच्या पाण्यात दोन थेंब फिनॉल्फ्थॅलिन मिसळा आणि त्याचा एक मोठा थेंब पत्र्यावर ठेवा. थोड्या वेळाने थेंबाच्या कडेने गुलाबी रंग दिसेल. तेथे अल्कली तयार झाल्याची ही खूण. मध्यभागी गुलाबी रंग येत नाही. कडेचा अल्कली आणि मध्यावरचे विरघळलेले लोखंड जेथे भेटतात तेथे पुढे तांबूस कडे उमटते.

दाराच्या तळाशी साचलेला ओला चिखल म्हणजे असाच एक मोठा थेंब, आणि तो कित्येक आठवडे वाळत नाही. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. तो फुगून रंगाला आतून ढकलतो. दाराच्या खालच्या कडेला रंगाला फोड आलेले दिसतात ना, ते बाहेरून आलेले नसतात. आतून सुरू झालेले काम बाहेर पोचलेले असते. फोड घासून वर रंग मारणे हा त्यावरचा उपाय नव्हे, हे लगेच ध्यानात येईल.

दार सडले तर दुसरे बसवता येते. दाराखालच्या उंबरठ्याचे तसे नाही. जीपला खाली वेगळी लोखंडी चौकट असते आणि अंग तिच्यावर बसवलेले असते. कुर्ल्याला बनलेल्या पद्मिनीला, हिंदुस्थान मोटर्सच्या अँबॅसडरला किंवा मारुती ८०० ला तशी वेगळी चौकट नाही. पत्र्याचे अंग हाच सांगाडा. त्यात उंबरठा म्हणजे दोन चाकांमधली पोकळ तुळई. पोकळ असल्यामुळे तिलाही खाली भोके असतात. गंमत अशी की, मोटार गंजू नये म्हणून खालून डांबरी लेप मारतात, तेव्हा पुष्कळदा ही भोकेच लेपाखाली बुजतात. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. नंतर ती चालू ठेवायची तर मोटार तपासून घ्यावी लागते. जुनी मोटार टिकवून वापरणाऱ्या घरात उंबरठ्याचा पत्रा शाबूत आहे की नाही, यावर मोठाच खर्च अवलंबून असतो.

आता भोके मोकळी कशी करायची ते पाहू. घरातील मोठ्या माणसाला बरोबर घ्या. मोटार सपाट जागी, इंजिन बंद करून, हँडब्रेक ओढून उभी असावी. जॅकवर उचललेल्या मोटारीखाली कधीही शिरू नका. या कामाला त्याची गरजही नाही. पत्र्याच्या कडा धारदार असतात, म्हणून बोट भोकात घालू नये.

सुरुवात वरून करा. जाळीवरची आणि हाताला येतील तेवढी आतली पाने आधी काढा. पाणी ओतण्याची घाई करू नका, नाहीतर सैल कचरा तुम्हीच नळीत ढकलाल. मग पेलाभर, साधारण २०० मिलिलिटर पाणी एका टोकाला हळूहळू ओता आणि दुसऱ्याला चाकामागे पाहायला सांगा. पाणी काही सेकंदांत धारेने पडले तर वाट मोकळी. ठिबकत राहिले तर तुंबली आहे. दोन्ही टोकांना वेगवेगळी परीक्षा घ्या. पंख्याच्या वाटेत पाणी जाऊ नये म्हणून बादली ओतायचा मोह टाळा.

तुंबलेल्या नळीत लोखंडी तार खुपसणे ही गॅरेजमधली नेहमीची पद्धत. मला ती पसंत नाही. तारेने जुनी रबरी नळी फाटते आणि पत्र्यावरचा रंग खरवडला जातो. जेथे रंग गेला तेथे उद्याचा गंज. त्याऐवजी जाड नायलॉनचा दोरा किंवा वायरी बांधायची प्लॅस्टिकची पट्टी घ्या. शक्यतो खालच्या टोकाकडून वर सरकवा, म्हणजे बुचाचा गोळा आणखी घट्ट न होता सैल होतो. काळी माती असेल तर पाणी घालून तासभर भिजू द्या. मऊ झाली की ती निघते. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मात्र नको. तिचा दाब टायरसाठी असतो. त्याने नळी आतल्या आत निसटली तर पाणी मोटारीतच पडू लागेल. सायकलचा हातपंप पुरतो.

दाराची भोके खालून दिसतात. आइसक्रीमची काडी किंवा तीच प्लॅस्टिकची पट्टी फिरवली की चिखल पडतो आणि पाठोपाठ पाणी. पाण्याबरोबर तपकिरी पापुद्रे पडू लागले तर पत्र्याचे काम करणाऱ्या मिस्त्रीला दाखवावे. नवे भोक पाडू नये. ते सर्वांत खालच्या जागी येईलच असे नाही, आणि त्याची कड उघडी राहते.

भर मे महिन्यात, पावसाचा थेंब नसताना, पायाखालची सतरंजी ओली झाली तर? ज्या मोटारीत वातानुकूलन आहे तिच्यात गार नळ्यांवर हवेतली वाफ थिजून पाणी होते आणि एका बारीक नळीने रस्त्यावर पडते. गाडी थांबल्यावर खाली दिसणारे थारोळे ते हेच. ती नळी तुंबली की तेच पाणी आत सांडते. हे पाणी स्वच्छ असते. पावसाचे गढूळ असते. आणि जे रंगीत, बुळबुळीत, गोडसर वासाचे असेल ते इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे. ते विषारी आहे, त्याला जिभेशी नेऊ नका, आणि मोटार मिस्त्रीकडे न्या.

भोके मोकळी झाली तरी काम थोडे उरते. सतरंजीखाली नमद्यासारखा जाड थर असतो, तो वरून कोरडा लागला तरी आत पाणी धरून बसतो. हाताने दाबून पाहा. गार लागला तर ओला आहे. तो पूर्ण उचलून उन्हात टाकावा आणि दारे उघडी ठेवावीत. श्रावणातल्या उघडिपीच्या उन्हाला याला तीन-चार दिवसही लागतात.